पाचवा रकाना

सकाळी रेडिओवरचे गाणे शेवटच्या ओळीवर आले, की मी गॅस बारीक करते. भाजी थोडी खाली लागली तरी चालते, पण दोन गाण्यांच्या मधली ती दोन वाक्ये निसटलेली मला चालत नाहीत. आत्ता संपलेले गाणे कोणी गायले, चाल कोणाची होती आणि शब्द कोणाचे होते, हे निवेदिका ज्या दहा-बारा सेकंदांत सांगते, तेवढा वेळ माझ्या स्वयंपाकघरात भांड्याचाही आवाज होत नाही. उन्हाळ्यात याहून जास्त धडपड करावी लागते. एप्रिलपासून मृगाचा पहिला पाऊस येईपर्यंत नागपुरात कूलरशिवाय दिवस काढता येत नाही, आणि कूलर सुरू असला की त्याच्या पंख्याची घरघर आणि ताट्यांवरून गळणाऱ्या पाण्याचा आवाज यांत माणसाचे बोलणे बुडून जाते. म्हणून अंतरा संपत आला की मी उठते, कूलर बंद करते, नावे ऐकते आणि मग पुन्हा सुरू करते. गेल्या मे महिन्यात भाची राहायला आली होती. दोन दिवस हा प्रकार पाहून ती म्हणाली, "मावशी, गाणं चालू असताना कूलर चालू, आणि बोलणं सुरू झालं की बंद. हे उलटं नाही का?"

मला ते उलटे वाटत नाही. गाणे बहुधा ओळखीचे असते आणि कूलरच्या आवाजातूनही ते मला भरून काढता येते. नाव मात्र भरून काढता येत नाही. ते ऐकले तरच कळते.

ही सवय माझी एकटीची नाही, ती मला घरातून मिळाली. आम्ही धंतोलीत दोन खोल्यांच्या भाड्याच्या घरात राहत होतो. वडील रेल्वेच्या कचेरीत कारकून होते. घरात व्हॉल्व्हचा रेडिओ होता, आणि खोलीच्या एका भिंतीपासून समोरच्या भिंतीपर्यंत तांब्याच्या तारेची विणलेली जाळीची पट्टी एरियल म्हणून ताणलेली होती. त्या रेडिओचे वर्षाचे लायसन्स पोस्टात जाऊन भरावे लागे आणि ते पुस्तक बाबा देवघराच्या फळीवर ठेवत. व्हॉल्व्ह तापायला अर्धा-पाऊण मिनिट लागत असल्यामुळे कार्यक्रमाच्या वेळेवर बटण फिरवले, तर पहिल्या गाण्याची नावे हमखास हुकत. बाबा त्याआधी दोन मिनिटे बटण फिरवून ठेवत आणि हिरवा दिवा उजळेपर्यंत पेन्सिलीला टोक करत बसत.

पेन्सिल वहीसाठी होती. ती वही म्हणजे कचेरीत रद्द झालेले, जाड पुठ्ठ्याचे, लांबट रजिस्टर होते. त्यात बाबांनी पट्टीने पाच रकाने आखले होते : गाण्याची पहिली ओळ, चित्रपट, गायक, संगीतकार, गीतकार. पहिली नोंद १९६४ सालची आहे. रेडिओवर ऐकलेले आणि वहीत आधी नसलेले प्रत्येक गाणे एका ओळीत येई, आणि जे नाव ऐकू आले नाही किंवा सांगितलेच गेले नाही, त्या रकान्यात बाबा पेन्सिलीने एक टिंब देत. पुढे कधी ते गाणे पुन्हा लागले आणि नाव कळले, की टिंबाच्या जागी शाईने नाव लिहायचे, असा त्यांचा नियम होता. त्या वहीची पाने आज चाळताना एक गोष्ट सहज डोळ्यांत भरते. तिसऱ्या रकान्यात टिंब जवळजवळ नाही, चौथ्यात तुरळक आहेत, आणि पाचव्या रकान्यात काही पानांवर वरपासून खालपर्यंत नुसती टिंबांची रांग आहे.

याचे कारण आईने मला न सांगता शिकवले. आई स्वयंपाकघरातून गाणी ऐकायची आणि तिचा कान बाबांपेक्षा फार चांगला होता. सुरुवातीचे व्हायोलिन वाजले, की चुलीपाशी बसूनच ती संगीतकाराचे नाव सांगायची. बाबा मात्र तिच्या सांगण्यावरून वहीत लिहीत नसत. "निवेदक काय म्हणतो ते ऐकू दे आधी," असे म्हणून ते पेन्सिल वर धरून थांबत. निवेदक बहुतेक वेळा आईने सांगितलेलेच नाव सांगे. आवाज कानाला ओळखू येतो, चालही ओळखू येते, कारण प्रत्येक संगीतकाराची ठेक्याची, पॉजमध्ये बासरी किंवा सतार आणण्याची काही सवय असतेच. शब्दांचे तसे नाही. गाण्याचे शब्द दुसऱ्याच्या गळ्यातून आणि दुसऱ्याच्या चालीतून येतात, पात्राच्या तोंडी घातलेले असतात, आणि ज्याने ते लिहिले त्याचा स्वतःचा आवाज कुठेच लागत नाही. एकदा मी आईला विचारले, की हे लिहिले कोणी, तेही सांग ना. ती म्हणाली, "ते कसं सांगू बाई? त्याचं नाव कोणी सांगतलं तरच समजते." आईचे माहेर उमरेडकडचे होते आणि तिच्या बोलण्यातला तो गोडवा नागपुरात राहूनही गेला नाही.

पुढे मी ग्रंथपाल झाले आणि एका महाविद्यालयात तीस वर्षे तालिकेची कार्डे लिहिली. त्या काळच्या कार्डावर सर्वांत वर लेखकाचे नाव येई, आडनाव आधी आणि नाव नंतर. मुखपृष्ठ फाटलेले, पहिली पाने गेलेली पुस्तके आमच्याकडे येत, तेव्हा लेखक सापडेपर्यंत मी ते पुस्तक फळीवर जाऊ देत नसे. आता वाटते, की ती शिस्त मी ग्रंथालयशास्त्राच्या वर्गात शिकले नव्हते.

रेडिओवर नाव घेतले जाणे ही साधी गोष्ट वाटते, पण ते नाव मिळवावे लागले आहे, हे मला बरेच उशिरा कळले. १९४९ साली 'महल' चित्रपटातले लता मंगेशकरांचे गाणे जेव्हा रेडिओवरून वाजू लागले, तेव्हा त्याच्या तबकडीवर गायिका म्हणून 'कामिनी' असे छापलेले होते. कामिनी हे चित्रपटातल्या पात्राचे नाव. गाणाऱ्या बाईचे खरे नाव तबकडीवर छापण्याची गरज तेव्हा पुष्कळदा वाटत नसे. ऐकणाऱ्यांनी रेडिओकडे पत्रे पाठवून हा आवाज कोणाचा आहे, असे विचारले, आणि रेडिओने ग्रामोफोन कंपनीकडून नाव मिळवून ते सांगितले. मला या हकिकतीत सर्वांत महत्त्वाची वाटतात ती ती पत्रे लिहिणारी माणसे. त्यांनी गाणे पुन्हा लावा असे नुसते म्हटले नाही, तर कोणी गायले ते सांगा, असे म्हटले.

त्यानंतर तीनच वर्षांनी, १९५२ मध्ये, बाळकृष्ण केसकर माहिती आणि नभोवाणी खात्याचे मंत्री झाले. शास्त्रीय संगीताबद्दल त्यांना मनापासून आस्था होती आणि आकाशवाणीवर त्यांनी त्यासाठी जे केले, त्याचा लाभ पुढच्या पिढ्यांना झाला, हे मान्य केलेच पाहिजे. चित्रपटसंगीताशी मात्र त्यांचे जमले नाही. गाण्यासोबत चित्रपटाचे नाव सांगणे म्हणजे त्या चित्रपटाची जाहिरात करणे, अशी भूमिका त्या काळात घेतली गेली आणि चित्रपटाचे नाव गाळले जाऊ लागले. निर्मात्यांनी आपल्या गाण्यांच्या परवानग्या काढून घेतल्या. काही वर्षे आकाशवाणीवरून हिंदी चित्रपटगीते जवळजवळ नाहीशी झाली आणि ऐकणारे रेडिओ सिलोनकडे वळले, जिथे १९५२ च्या डिसेंबरपासून अमीन सयानी 'बिनाका गीतमाला' सादर करू लागले होते. या सगळ्या भांडणाबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे आणि ते बहुतेक अभिरुचीचे भांडण म्हणून लिहिले गेले आहे. मला त्यात दिसते ते एवढेच, की वाद एका नावावरून पेटला. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू झाली आणि गाणी परत आली. गायक आणि संगीतकार यांच्यासोबत गीतकाराचेही नाव आकाशवाणीने घेतले पाहिजे, हा आग्रह साहिर लुधियानवींनी धरला होता, हे वाचले तेव्हा मी बाबांची वही काढून पाचवा रकाना बोट फिरवत पाहिला. त्यात शाईने लिहिलेले जेवढे आहे, तेवढ्यासाठी कोणीतरी आधी बोलले होते.

नागपूर या सगळ्या गोष्टींपासून फार लांब नव्हते. आमचे केंद्र १६ जुलै १९४८ रोजी सुरू झाले, म्हणजे ते जवळजवळ स्वातंत्र्याच्याच वयाचे आहे. विविध भारतीवर जाहिराती सुरू झाल्या, त्या १ नोव्हेंबर १९६७ पासून मुंबई, पुणे आणि नागपूर या तीन केंद्रांवरून. बाबांना जाहिराती आवडल्या नाहीत, कारण जाहिरात आली की नावे घाईत उरकली जात, किंवा एका कार्यक्रमात तीन गाण्यांची नावे एकदम शेवटी सांगितली जात आणि कोणते नाव कोणत्या गाण्याचे, हे लिहिताना गोंधळ होई. वहीत त्या वर्षीच्या काही ओळींवर त्यांनी बाणाच्या खुणा करून नावे इकडून तिकडे नेलेली आहेत.

उन्हाळ्याच्या रात्री आम्ही गच्चीवर बाजा टाकून झोपत असू. तोवर घरात एक ट्रान्झिस्टर आला होता आणि तो बाबांच्या उशाशी असे. रात्री रेडिओ दुरून बोलतो, ही मला लहानपणी जादू वाटे. खरे कारण असे, की दिवसा वातावरणाच्या वरच्या भागातला एक थर मध्यम लहरी शोषून घेतो, सूर्य मावळला की तो थर विरतो, आणि मग त्या लहरी आणखी वरच्या थरावर आपटून शेकडो मैल दूर उतरतात. त्यामुळे दिवसा नागपूर केंद्र जेथे ५८५ किलोहर्ट्झवर एकटे आणि ठाम बोलत असे, तेथे रात्री काटा थोडा इकडे तिकडे केला, की कुठकुठल्या गावांची केंद्रे एकमेकांवर बोलू लागत. सिलोन शॉर्टवेव्हवर, २५ आणि ४१ मीटरवर लागे आणि तो आवाज समुद्रासारखा वर-खाली होई. गाणे सबंध नीट ऐकू यावे आणि निवेदकाने नाव घ्यायला तोंड उघडले की नेमका आवाज बुडावा, असे किती वेळा झाले, ते वहीतली टिंबे सांगतात. मे अखेरीस दूर कुठे वळवाच्या विजा चमकू लागल्या, की गडगडाट ऐकू येण्याच्या कितीतरी आधी ट्रान्झिस्टरमध्ये कडकड होई. बाबा म्हणत, "आज नाव मिळत नाही." आणि तरी ते पेन्सिल खिशात ठेवत नसत.

ट्रान्झिस्टरच्या पोटात फेराइटची एक कांडी असते आणि मध्यम लहरी तीच पकडते. ती कांडी ज्या बाजूला आडवी असेल, त्यावर आवाज अवलंबून असतो. म्हणून रेडिओ नुसता ठेवायचा नसतो, तो फिरवून ठेवायचा असतो. माझ्या आजच्या खिडकीच्या कट्ट्यावर मी खडूने एक तिरपी रेघ मारली आहे, आणि रेडिओची कड त्या रेघेवर आली की आकाशवाणी सर्वांत स्वच्छ ऐकू येते. घरातले नवे दिवे, इन्व्हर्टर आणि मोबाइलचे चार्जर यांनी मध्यम लहरींत इतकी खरखर भरली आहे, की तो कोपरा शोधायला मला एक आठवडा लागला होता. फोनवर आकाशवाणीचे ॲप आहे आणि त्यात अजिबात खरखर नसते, हे मला ठाऊक आहे, आणि प्रवासात मी तेच ऐकते. घरी मात्र मी ती रेघ सोडत नाही.

आता आईची गोष्ट सांगते, कारण नाव घेतले जाणे म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळले.

फर्माइशीच्या कार्यक्रमांत गाण्याआधी ऐकणाऱ्यांची नावे वाचली जात. झुमरी तलैया हे गाव अवघ्या देशाला ठाऊक झाले, ते तिथल्या अभ्रकाच्या खाणींपेक्षा तिथून येणाऱ्या पत्रांमुळे. मराठी फर्माइशीत आमच्याकडची नावे येत : इतवारी, पाचपावली, कामठी, काटोल, उमरेड, सावनेर. बाबा ही नावे लिहीत नसत, कारण वहीत त्यांच्यासाठी रकाना नव्हता. मी नववीत असतानाची एक दुपार आहे. रविवार होता, बाबा वही घेऊन बसले होते, आई कणीक मळत होती. निवेदिकेने नावे वाचायला सुरुवात केली आणि त्यात धंतोली, नागपूर येथील एका बाईंचे नाव आले. मला ते अनोळखी होते. बाबांनी मात्र मान वर केली आणि स्वयंपाकघराकडे पाहिले.

ते आईचे माहेरचे नाव होते. आमच्या घरात आईला कोणीच नावाने हाक मारत नसे. आम्ही आई म्हणायचो, आत्या वहिनी म्हणायच्या, खालच्या मजल्यावरच्या बायका काकू म्हणायच्या, आणि बाबा 'अगं' म्हणायचे. रेशनकार्डावर जे नाव होते, ते लग्नात तांदळात अंगठीने लिहून दिलेले होते आणि तेही फक्त रेशनच्या दुकानात उच्चारले जाई. तिने पंधरा पैशांचे कार्ड आणून, कोणालाही न सांगता, आपल्या पहिल्या नावाने फर्माइश पाठवली होती. नाव वाचले गेले, गाणे सुरू झाले, आणि ती कणीक मळतच राहिली. मी विचारले, "आई, ही कोण गं?" ती म्हणाली, "मीच होय." एवढेच ती बोलली. गाणे संपल्यावर बाबांनी पाचही रकाने भरले, कारण त्या दिवशी निवेदिकेने सगळी नावे सांगितली होती, आणि मग ओळीच्या बाहेर, समासात, उभ्या अक्षरांत आईचे माहेरचे नाव लिहिले. चारशे पानांच्या त्या वहीत ऐकणाऱ्याचे नाव तेवढे एकच आहे.

या शतकाच्या पहिल्या दशकाच्या शेवटाकडे नागपुरात खासगी एफएम केंद्रे आली. त्यांच्याबद्दल मी सरसकट वाईट बोलणार नाही. आकाशवाणीने कधी जवळ केली नसती अशी आपली बोली मी पहिल्यांदा त्यांच्यावर ऐकली. 'करून राहिलो', 'जाऊन राहिलो' असे मोकळेपणाने बोलणारा निवेदक, सीताबर्डीवरची गर्दी, फुटाळ्यावरची संध्याकाळ, शंकरनगर चौकातले अडकलेले वाहन, हे सगळे रेडिओवर यायलाच हवे होते आणि ते त्यांनी आणले. एफएमचा आवाजही मध्यम लहरींपेक्षा किती तरी स्वच्छ असतो. विजा चमकल्या तरी त्यात कडकड होत नाही. पण इतक्या स्वच्छ आवाजात नाव मात्र येत नाही. गाण्याच्या सुरुवातीच्या वादनावर निवेदक बोलत राहतो, शेवटचा अंतरा संपण्याआधी गाणे कापले जाते, आणि पुढचे गाणे सुरू होते. माझी तक्रार नव्या गाण्यांबद्दल नाही. नव्या गाण्यांतही उत्तम शब्द असतात आणि म्हणूनच ते कोणाचे, हे जाणून घ्यायची मला ओढ असते. खरखरीमुळे बाबांना जी टिंबे द्यावी लागली, ती मी समजू शकते. आवाज निर्मळ असताना द्यावे लागणारे टिंब मला फार लागते.

काही वर्षांपूर्वी मी अशा एका केंद्राला पत्र लिहिले. उत्तराची आशा नव्हती, पण आठ-दहा दिवसांनी रात्रीच्या कार्यक्रमाच्या तरुण निवेदकाचा फोन आला. तो फार आदराने बोलला. "काकू, माझ्यासमोर कॉम्प्युटरवर जी यादी येते, तिच्यात गाणं, चित्रपट आणि किती मिनिटांचं आहे, एवढंच असते. लिहिलं कोणी ते त्यात नसतेच. आणि मला बोलायला सेकंद मोजून मिळतात." मी त्याला म्हटले, की तू मला आदल्या दिवशी पाच गाणी सांग, मी तुला पाच नावे देते. त्याने खरोखर तसे केले. पुढचे साधारण तीन आठवडे रात्री दहानंतरच्या त्याच्या कार्यक्रमात शेवटच्या पाच गाण्यांच्या गीतकारांची नावे सांगितली गेली, आणि त्यांतली निम्मी मी बाबांच्या वहीतून काढून दिली होती. एके रात्री त्याने सांगितले, की एका ऐकणाऱ्याने फोन करून विचारले, हा कवी आणखी काय काय लिहून गेला आहे. मग त्याची वेळ बदलली, पुढे तो दुसऱ्या शहरात गेला, आणि ते थांबले. नाव सांगितले की ऐकणारा कंटाळून दुसरीकडे जातो, असे जे म्हटले जाते, ते त्या तीन आठवड्यांत तरी मला दिसले नाही.

आकाशवाणीनेही सगळी नावे कधीच घेतली नाहीत, हे मला प्रामाणिकपणे लिहिले पाहिजे. शास्त्रीय गायनाच्या सभेत गायकाच्या नावासोबत तबल्याची साथ कोणाची, सारंगीची किंवा हार्मोनियमची साथ कोणाची, हे नियमाने सांगितले जाते. (हार्मोनियमला तर १९४० पासून तीस वर्षे आकाशवाणीत मज्जावच होता, पण तो वेगळा विषय झाला.) चित्रपटगीतात मात्र शंभर वादक एका खोलीत बसून वाजवत, आणि त्यांना कोणते स्वर कुठे वाजवायचे, हे लिहून देणारा संगीत-संयोजक त्या सगळ्याची बांधणी करत असे. शंकर-जयकिशन यांच्या वाद्यवृंदाची ती भरदार व्हायोलिने सेबॅस्टियन डिसूझा यांच्या लेखणीतून आलेली असत. गोव्याचे अँथनी गोन्साल्विस हे अशा संयोजकांपैकी एक होते आणि प्यारेलाल यांना त्यांनी व्हायोलिन शिकवले. सुरुवातीच्या व्हायोलिनवरून आई ज्या संगीतकाराचे नाव सांगायची, ते व्हायोलिन कित्येकदा अशा माणसाचे असणार, आणि त्याचे नाव आमच्या घरात कधी उच्चारले गेले नाही. बाबांनी सहावा रकाना आखला नव्हता. तो आखता येईल, हे त्यांना सुचण्याचे काही कारणच रेडिओने दिले नाही.

भाचीच्या फोनवर जगातली बहुतेक गाणी आहेत. मी तिच्याशी बसून पाहिले, तेव्हा गाण्याखाली गायकांची नावे होती, गाणे विकणाऱ्या कंपनीचे नाव होते, आणि गीतकाराचे नाव पाहायला तीन ठिकाणी बोट लावावे लागले. एका जुन्या गाण्यावर तर दुसऱ्याच कवीचे नाव होते. मी वही उघडून तिला दाखवली. तिने फोनवरचे आणि वहीतले नाव दोन-तीनदा ताडून पाहिले आणि म्हणाली, "आजोबांनी हे कुठून मिळवलं?" मी तिला टिंबाची रीत समजावून सांगितली. त्या ओळीतले टिंब १९६९ सालचे होते आणि त्याच्यावर शाई १९७४ साली चढली होती. नोंदीशेजारी बाबांनी बारीक अक्षरांत तारीख घातलेली आहे.

बाबांच्या शेवटच्या वर्षांत दम्यामुळे त्यांना रात्रभर झोप नसे. १८ मे १९८८ पासून आकाशवाणीची राष्ट्रीय प्रसारण सेवा नागपूरहून, १५६६ किलोहर्ट्झवर, एक हजार किलोवॅटच्या प्रक्षेपकावरून ऐकवली जात होती. देशाच्या मध्यावरचे शहर म्हणून ती इथून निघे आणि रात्रीच्या मोकळ्या आकाशातून दूरवर पोहोचे. आम्हाला ती इतक्या जवळून मिळे, की रेडिओ अगदी बारीक ठेवला तरी शब्द स्पष्ट येत. बाबा भिंतीला पाठ टेकून बसत आणि मी खाली चटईवर वही घेऊन बसे, कारण त्यांचा हात कापू लागला होता. गाणे सुरू झाले, की निवेदकाआधी ते स्वतःच नावे सांगत, गायक, संगीतकार, गीतकार, त्याच क्रमाने, धाप लागत असल्यामुळे एकेका नावानंतर थांबून. मी त्यांच्याच नियमाने लिहिण्याआधी निवेदकाची वाट पाही. त्यांचे एकही नाव चुकलेले मला आठवत नाही. वहीची शेवटची चाळीस पाने माझ्या अक्षरात आहेत. ती राष्ट्रीय सेवा २०१९ च्या सुरुवातीला बंद झाली.

वही संपल्यावर मी दुसरी केली आणि तिच्यात सहा रकाने आखले. सहाव्यात फारसे काही नाही. काही दिवसांपूर्वी दुपारी आकाशवाणीवर एक भावगीत लागले, पूर्वी कधीही न ऐकलेले. पावसाआधीच्या शेतावरचे होते आणि त्यात ढेकळाला दिलेली उपमा अशी होती, की मी हातातली सुपली खाली ठेवली. गायिका कळली, संगीतकार कळला, आणि कवीचे नाव येणार तोच वीज गेली, इन्व्हर्टर सुरू झाला आणि रेडिओत खरखर भरली. मी कट्ट्याजवळ जाऊन रेडिओ रेघेवरून थोडा डावीकडे, थोडा उजवीकडे फिरवला, पण तोवर पुढचे गाणे सुरू झाले होते.

दुसऱ्या दिवशी पोस्टातून पन्नास पैशांची दहा कार्डे आणली. एकावर गाण्याची पहिली ओळ, ऐकल्याची तारीख आणि वेळ लिहून, कवीचे नाव कृपया कळवावे किंवा गाणे पुन्हा लावावे, असे केंद्राला लिहिले. खाली सही करताना आईची आठवण झाली आणि नुसती आद्याक्षरे न लिहिता मी माझे नाव पूर्ण लिहिले. कार्ड टाकून आज अकरा दिवस झाले आहेत. वहीत त्या ओळीच्या पाचव्या रकान्यात पेन्सिलीने टिंब दिलेले आहे, आणि सकाळ-दुपार मी गॅस बारीक करते.